आत्याकडचं नाव

"तीन," द्वारकाकाकू म्हणाल्या.

"दोन," सुहासकाका म्हणाले. ते पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढले होते, तिथूनच म्हणाले. "आई, दोन. मी आणि अविनाश. केतकी, दोन लिही."

माझी पेन्सिल कागदावर तशीच थांबली. मांडीवर मनवा होती, नुकतीच धरून उभी राहायला लागलेली, आणि तिला माझ्यापेक्षा त्या पेन्सिलीची गरज जास्त होती.

"मला विचारलंय तिनं," काकू शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "तुला नाही."

"अगं, पण छापून येणार आहे ते. उद्या लोक विचारतील, तिसरा कुठाय म्हणून."

काकूंनी पुढची शेंग उचलली. सुहासकाकांनी वरून माझ्याकडे बघत नुसत्या भुवया उंचावल्या. हल्ली असंच चाललंय, असं त्या भुवयांचं म्हणणं होतं. मी रकाना रिकामा ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला. माहेरचं आडनाव.

त्या वर्षी आमच्या तांबवेकर कुलवृत्तांत मंडळाने नवी आवृत्ती काढायची ठरवली होती. मंडळ म्हणजे मिरजेत नानांच्या घराची पुढची खोली, एक जुना कॉम्प्युटर आणि भिंतभर चिकटवलेला वंशवृक्ष. नाना, माझे चुलत आजेसासरे, मंडळाचे सचिव. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेलं, त्यामुळे घराणंही ते कालव्यासारखंच बघत. मुख्य पाट, पोटपाट, चाऱ्या. मी बाळंतपणाची रजा वाढवून घरी बसले होते, म्हणून गावातल्या घरांची माहिती गोळा करायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. "पोरीला घेऊनच जात जा," म्हणाले. "लहान मूल बघितलं की म्हातारी माणसं बोलतात."

द्वारकाकाकू नात्याने माझ्या सासऱ्यांच्या काकू, म्हणून आख्ख्या घराच्याच काकू. पंच्याहत्तरीला आलेल्या, गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत. त्यांचे यजमान दत्तूकाका जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्या थोरल्या मुलाकडे, सुहासकाकांकडे असत. सुहासकाकांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं, आणि आईलाही ते पंपासारखंच वागवत; आवाज जरा बदलला की लगेच उघडून बघायचं.

मनवा भुकेने कुरकुरायला लागली तेव्हा काकू उठल्या, मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी भिंतीला टेकून बसले. मनवाची सवय अशी, की पिताना तिचा एक पाय पदराबाहेर हवेत चालत असे. काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी तो पाय हातात धरला.

"पहिली मुलगी होती माझी," त्या म्हणाल्या. "सुहासच्या आधीची."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"तुला वाटलं असेल, म्हातारीला भ्रम झाला."

"नाही हो काकू."

"सुहासला वाटतं. मागं दवाखान्यात नर्सनं विचारलं, किती मुलं, तेव्हाही मी तीन सांगितलं. त्या दिवसापासून गोळ्या तो स्वतःच्या हातानं देतो मला." त्या हसल्या. मग मनवाच्या तळव्यावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळणा बांधून झाला होता. घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. पहाटे दूध प्यायला उठलीच नाही."

बाहेर सुहासकाकांनी पंखा लावून बघितला. तो नेहमीसारखाच वाजला.

"मला बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर सोडलं नाही. मामंजी घेऊन गेले तिला. कुठं ठेवली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, बारसं झालं नव्हतं ना, मग ती आपली झालीच नव्हती असं समज. वाईट नव्हत्या हं त्या. त्यांचीही गेली होती अशी. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असेल."

"आणि दत्तूकाका?"

"ते कधी बोलले नाहीत. मग मीही नाही. सुहास झाल्यावर सगळे त्याला थोरला म्हणायला लागले. मीही म्हणते. पण असं कुणी लिहून घ्यायला बसलं ना, की मला दोन म्हणवत नाही." त्यांनी मनवाचा पाय परत पदराखाली सारला. "तेवढं तिला पुस्तकात घाल बाई. बाकी मला काही नको तुमच्या पुस्तकातलं."

मी हो म्हटलं. मला वाटलं, त्यात काय एवढं.

*

"नाव?" नानांनी विचारलं.

"नाव नव्हतं ठेवलेलं. बारशाच्या आदल्या दिवशीच गेली."

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग नाही घेता येत."

"का?"

"बैठकीत ठरलेलं आहे. नाव असेल तो आत. नाव नाही तो नाही."

"एक ओळ तर आहे, नाना. नुसतं 'मुलगी' असं लिहू."

"एक ओळ नाही गं ती." ते उठून भिंतीजवळ गेले आणि वंशवृक्षावर तळहात ठेवला. "ही जी घरं आहेत ना, यातल्या प्रत्येक घरात अशी दोन-दोन, तीन-तीन आहेत. एकाची मुलगी घेतली तर दुसरा म्हणेल आमचा मुलगा घ्या. नुसतं मुलगी, मुलगा, मुलगा, मुलगी. हे काय वाचायचं कुणी?" थोडा वेळ ते तसेच पाठमोरे उभे राहिले. "माझ्या पाठीवरची दोन आहेत. मी तरी कुठं घातलीत?"

मनवा त्यांच्या खुर्चीला धरून उभी होती. त्यांनी तिला उचलून टेबलावर बसवलं आणि हातात स्टेपलर दिला, मग घाबरून काढून घेतला.

"नाव आण," ते म्हणाले. "नाव आण, मी आजच्या आज घालतो. पण लवकर. प्रेसवाला पंधरा दिवसांत फाइल मागतोय."

मला ते अगदी सोपं वाटलं. मनवाचं नाव आम्ही दोघांनी फोनवर शोधून, याद्या करकरून ठेवलं होतं. बारशाला नणंदेला फक्त सांगितलं, की हे नाव म्हण. तशीच मी दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले आणि म्हटलं, "काकू, तिचं नाव ठेवा. तुमच्या आवडीचं. नाना घालायला तयार आहेत."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी?"

"मग कोण?"

"अगं, आई कशी नाव ठेवेल? नाव आत्या ठेवते."

"पण काकू, आता एवढ्या वर्षांनी..."

"वर्षं झाली म्हणून काय झालं? मी ठेवलं तर ते मी ठेवलेलं नाव. बारशातलं नाही." त्यांनी पदर नीट केला. "आणि आत्या आहे की तिची. गोदावन्सं तासगावला आहेत."

गोदावन्सं म्हणजे दत्तूकाकांची बहीण. सगळे त्यांना गोदाआत्या म्हणत. दोघींची भेट होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. भांडण वगैरे नव्हतं. एकीचे गुडघे आणि दुसरीचे कान.

"फोन करूया?"

"त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही. आणि हे फोनवर मागायचं असतं का?"

"सुहासकाकांना काय सांगायचं?"

"आत्याला बघावंसं वाटतंय म्हणून सांग. खोटं नाही ते."

*

रविवारी सुहासकाकांनी गाडी काढली. काकू पुढे बसल्या, मी आणि मनवा मागे. तासगाव जवळ आलं तशा दोन्ही बाजूंना छाटणी झालेल्या द्राक्षबागा लागल्या, नुसत्या काड्या आणि तारा. सुहासकाका आरशातून माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बघ ना, कशी गप्प आहे. तिकडं ओळखेल ना आत्याला?"

"तुझ्यापेक्षा बरी ओळखेन," काकू म्हणाल्या.

गोदाआत्यांच्या नातवाचं द्राक्षावरच्या औषधांचं दुकान होतं, आणि दुकानामागे घर. आत्या त्या दोहोंच्या मधल्या दारापाशी कॉटवर बसून असत, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवून. ऐंशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, पण डोळे टक्क. आम्हाला बघून त्यांनी हात पुढे केला, पण तोंड आधी उघडलं.

"द्वारके, किती जाड झालीस."

"तुम्ही आहात तशाच आहात वन्सं," काकू म्हणाल्या. "तोंडानं तरी."

"काय म्हणाली?" गोदाआत्यांनी सुनेला विचारलं. शालनवहिनींनी कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, तशा त्या समाधानाने हसल्या. कानातलं मशीन उशीखाली होतं. ते घातलं की सगळं जग भांडतंय असं वाटतं, म्हणून त्या घालत नसत.

चहा झाला. चिवडा झाला. कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या मुलाने आईला विचारलंच नाही, सगळं झालं. काकू प्रत्येक वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि मिटत. शेवटी सुहासकाकांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "निघूया ना आई?"

तेव्हा काकू उठून कॉटवर आत्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांचा हात हातात घेतला.

"वन्सं, तुमच्याकडं एक मागायला आलेय."

"मोठ्यानं बोल."

"पहिलीचं नाव मागायला आलेय."

"ऐकू नाही आलं गं. मोठ्यानं."

काकूंनी एकदा सुहासकाकांकडे बघितलं. मग डोळे मिटले, आणि सगळ्या घराला, पुढच्या दुकानाला, रस्त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून म्हणाल्या, "माझ्या पहिलीचं नाव, वन्सं. सुहासच्या आधी मुलगी झाली होती मला. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. तिचं नाव मागायला आलेय."

दुकानातलं बोलणं थांबलं. सुहासकाकांच्या हातातली बशी कलली आणि उरलासुरला चहा त्यांच्या पँटवर सांडला. त्यांनी तो पुसलाही नाही.

गोदाआत्या काकूंच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आलं ऐकू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ओरडतेस कशाला?" आणि मग, "इतकी वर्षं लावलीस."

"तुम्ही तरी कुठं काढलंत?"

"मी कशी आपणहून काढू? म्हटलं, तू विसरली असशील. विसरली असशील तर बरंच, म्हणून गप्प राहिले."

"मला वाटलं तुम्ही विसरलात."

"मी?" आत्यांना राग आल्यासारखा वाटला. "नाव घेऊनच निघाले होते मी इथून. मिरजेला टांग्यातून उतरले तर दारात चपला. बारशाचं घर, तर बायकांच्या हव्यात ना? सगळ्या पुरुषांच्या. तिथंच कळलं. तुझ्या खोलीत मला सोडलं नाही. तशीच नाव घेऊन परत आले." त्यांनी काकूंचा हात जरा हलवला. "आहे माझ्याकडं ते. कुठं जातंय?"

"द्या मग."

"असं कसं देऊ, हवेत? नाव कानात सांगतात." त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. "ते पोर आण इकडं."

मी मनवाला घेऊन उठले. दोन पावलं गेले असेन, तर काकूंनी हात आडवा धरला.

"नको वन्सं. तिच्या कानात तिचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या कानात सांगा."

शालनवहिनींनी ते आत्यांना पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"आईच्या कानात कुठं सांगतात?"

"मग कुणाच्या सांगता?"

गोदाआत्यांनी विचार केला. "बरं," म्हणाल्या. "वाक."

काकू वाकल्या. आत्यांनी त्यांचे केस कानामागे सारले, तोंड कानाशी नेलं, आणि त्याच वेळी शालनवहिनी पदर खोचून पुढे आल्या आणि सासूच्या पाठीत त्यांनी हलकाच धपाटा घातला. आत्या बाळाचं नाव सांगते तेव्हा बायका घालतात तसा. मग माझ्याकडे बघितलं. मीही घातला. पाठ अगदी पातळ होती, हाताला हाडं लागली.

"जोरात घाला की गं," आत्या मान वर करून म्हणाल्या. "मेले नाही मी अजून."

आम्ही जोरात घातले. त्यांनी काकूंच्या कानात नाव सांगितलं, आणि शेवटी लांबलचक 'कुर्रर्र' केलं. त्या आवाजाला मनवा खळखळून हसली. पुन्हा एकदा कुर्रर्र, पुन्हा ती हसली. काकू तशाच वाकून होत्या. त्यांचा कान आत्यांच्या ओठांशी होता आणि चेहरा आम्हाला दिसत नव्हता. बराच वेळ त्या सरळ झाल्या नाहीत, आणि आत्यांनीही त्यांना सोडलं नाही.

सरळ झाल्या तेव्हा म्हणाल्या, "छान आहे."

"चौथीत माझ्याशेजारी एक मुलगी बसायची, तिचं," आत्या म्हणाल्या. "कुणाला भ्यायची नाही. मास्तरांनाही नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, दत्तूला मुलगी झाली की हेच."

माझ्याने राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "मग तुमच्या स्वतःच्या मुलीला का नाही ठेवायला सांगितलंत? नाहीतर दुसऱ्या कुठल्या भाचीला?" घराण्यातल्या कितीतरी बारशांना त्याच आत्या म्हणून उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं.

"दिलेलं नाव होतं ते," त्या म्हणाल्या. "दुसरीला कसं देऊ?"

*

परत येताना बागा संपत आल्यावर सुहासकाकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"मला का नाही सांगितलंस?"

"लहान होतास तू."

"पन्नाशी उलटली माझी."

"तेव्हा लहान होतास. मग राहूनच गेलं."

त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "आणि मी तुला डॉक्टरकडं नेऊन आणलं. भ्रम झालाय म्हणून."

"चांगला होता तो डॉक्टर. वजन कमी करा म्हणाला."

सुहासकाका हसले, पण ते नीट जमलं नाही. "म्हणजे मी थोरला नव्हेच."

"नाहीस."

"आणि त्या अविनाशला मी जन्मभर थोरला भाऊ म्हणून दम देतोय."

"दे की. त्याला तू थोरलाच आहेस."

समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत दोघं थांबले. मग सुहासकाका समोर बघतच म्हणाले, "नाव काय?"

गाडीत मी होते आणि माझ्या मांडीवर झोपलेली मनवा. तरी काकूंनी त्यांची मान आपल्याकडे ओढून घेतली आणि नाव कानातच सांगितलं. सुहासकाकांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून आधी चेहरा पुसला, मग समोरची काच पुसली, ती स्वच्छच होती. मग फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"नाना, सुहास. आमच्या पानावर दुरुस्ती आहे. माझ्या आधी एक नाव घाला."

"तुझ्या आधी?"

"माझ्या आधी. मालिनी. मालिनी दत्तात्रय तांबवेकर. मी दुसरा आणि अवी तिसरा."

"नाव कुणी ठेवलं?"

"आत्यानं."

"गोदूनं? बरी आहे का ती?"

"बरी आहे. धपाटे खाल्लेत आज."

"मग बरोबर आहे," नाना म्हणाले, आणि कळफलकावर त्यांची दोन बोटं चालायला लागल्याचा आवाज आला. ते एकेक अक्षर शोधून टाइप करत. "जन्म?"

"बासष्ट सालचा चैत्र," काकू फोनकडे वाकून म्हणाल्या. "पाडव्यानंतरचा पहिला शुक्रवार."

"वहिनी आहेत वाटतं. तारीख मी पंचांगावरून काढतो." पुन्हा बोटं चालली. "मृत्यू?"

सुहासकाकांनी आईकडे बघितलं. मीही बघितलं.

"नानाभावजी," काकू म्हणाल्या, "आज बारसं झालंय तिचं. आजच्या दिवशी हे काय विचारता?"

कळफलकाचा आवाज थांबला.

"चुकलं वहिनी," नाना म्हणाले. "मोकळं ठेवतो."

पुस्तक दिवाळीनंतरच्या मेळाव्यात निघालं. आमच्या वृत्तांतात गेलेल्या माणसाच्या नावापुढे दोन सालं असतात, असलेल्या माणसापुढे एक. काकूंच्या नावापुढे तेव्हा एकच होतं. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, आणि नव्या पुरवणीसाठी ते दुसरं साल मीच टाइप केलं, दुपारी, माझा धाकटा झोपला असताना. त्यांच्या खालचीच ओळ मालिनीची. तिच्यापुढे एकच आहे.